दोघांत एक डॉलर

झिंबाब्वे नावाच्या देशात एक बाई मागे लागली आणि मी सुनेला, नातीला घेऊन कसाबसा निसटलो, ही गोष्ट मी भोरच्या स्टँडवर सांगितली आहे, सोयऱ्यांच्या लग्नात सांगितली आहे, आणि एकदा तर गावात कीर्तनाआधी माईकची वायर जोडेपर्यंतच्या वेळात सांगितली आहे. ऐकणारे दर वेळी हसले. काहींनी ती आपल्या तोंडाने पुढे नेली. माझ्या मुलाने ती ऐकून एक नोकरी नाकारली. ती गोष्ट तशी घडली नव्हती. कशी घडली ते आता लिहितो.

मी एसटीत कंडक्टर होतो. गाव गुंजवण्याच्या बाजूचं, राजगडाच्या पायथ्याचं. नोकरी सगळी भोरला. मुलगा आयटीआय करून बोअर मारायच्या गाडीवर फिटर झाला. ती गाडी त्याला आधी कर्नाटकात आणि मग थेट आफ्रिकेत घेऊन गेली. झांबियात एका मोठ्या नदीच्या काठच्या गावात त्याने बिऱ्हाड केलं. बिऱ्हाड म्हणायचं एवढंच. तो आठवडेच्या आठवडे गाडीबरोबर रानात, आणि घरात सून आणि तीन वर्षांची नात. बायको गेल्यावर मी घरात एकटाच राहिलो होतो, म्हणून त्याने मला हवापालटाला बोलावून घेतलं.

मी तिथे असतानाच त्याच्या मालकाने नदीपलीकडे, झिंबाब्वेत, गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. तिथे मुख्य फिटर पाहिजे होता. काम एका जागेवरचं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. सूनबाईने हे ऐकलं त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मुलाचं मात्र मन होईना.

"तिकडं पैशाचं काय खरं न्हाई, आबा," तो म्हणाला. "सकाळचा भाव सांजच्याला राहत न्हाई. लोक पगार झाला की त्याच दिवशी संपवत्यात. अशा जागी बायको-पोरीला न्यायचं म्हंजे..." मग म्हणाला, "मला तर सुट्टी न्हाई. तुमी दोघं एक दिवस जाऊन बघून या. घर बी बघा. तुमची नजर पक्की हाय. तुमी म्हणाल तसं करू."

माझ्या मनात काय होतं ते इथेच सांगून टाकतो. मला तो परत हवा होता. गावाकडे भाताची खाचरं दुसऱ्याकडे कसायला होती, घराला कुलूप होतं. रानातल्या कामाला तो आज ना उद्या कंटाळला असता. पण वर्कशॉपची जागा मिळाली, घर मिळालं, पोरगी शाळेत गेली, की तो तिथलाच होणार. मी तो देश बघायला गेलो नाही, त्यातली खोट काढायला गेलो. खोट काढायची म्हणून गेलेल्याला ती सापडतेच.

दोन देशांच्या मध्ये एक मोठा पूल आहे आणि शेजारी धबधबा. पूल आम्ही चालतच ओलांडला. तुषार अंगावर येत होते. माकडं कठड्यावर बसून माणसांच्या हातातल्या पिशव्यांकडे बघत होती, आणि मी माणसांच्या हातांकडे बघत होतो. तोंडावरून माणूस कळत नाही, हातावरून कळतो, असं मी नव्या कंडक्टरांना शिकवायचो. एक पोरगा त्यांच्या बंद झालेल्या जुन्या नोटा विकायला आला. एका नोटेवर इतकी शून्यं की मोजताना मधेच चुकायला व्हावं.

"एक घेऊ का आबा, गंमत म्हणून?" सूनबाई म्हणाली.

"चालत असती तर त्यानं तुला दिली असती व्हय?" मी म्हणालो. "आन् न चालणारी बी खोटीच असंल."

ती हसली. तेव्हा हसत होती.

पलीकडच्या चौकीत साहेबाने माझा पासपोर्ट घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. आता हा काहीतरी मागणार, असं मी सुनेला हळूच सांगितलं. त्याने काही मागितलं नाही. शिक्का मारता मारता त्याने सूनबाईला इंग्रजीत विचारलं, की नदीपलीकडे तेल काय भावाने आहे, आणि साखर? तिने सांगितलं. त्याने मान हलवून तो भाव शेजारच्या टेबलावरच्या बाईला कळवला. आपल्याकडे पाहुणा आला की पाऊसपाणी विचारतात, तसं तिथे भाव विचारतात, हे मला पुढच्या तासाभरात दिसलं. पण त्या वेळी वाटलं, साहेब भाव कशाला विचारतोय? आमच्या खिशाचा अंदाज घेतोय.

पाण्याची बाटली घेतली तिथे भावाची पाटी खडूची होती. पुसून पुसून ती राखेसारखी झाली होती. एका पदार्थाला दोन भाव, एक त्यांच्या पैशात आणि एक अमेरिकेच्या डॉलरमध्ये, आणि त्यांच्या पैशातला आकडा नुकताच लिहिल्यासारखा पांढराशुभ्र. दुकानदाराने माझी नोट उजेडात धरली, कडा चाचपल्या, घडीवर फाटली आहे का ते पाहिलं, आणि सुट्ट्याऐवजी चार गोळ्या आणि एक बॉलपेन दिलं. भोरमध्ये किराणावाल्याने सुट्ट्याऐवजी गोळी दिली तर मी ती तोंडात टाकून चालू लागतो. तिथे मी सूनबाईला म्हणालो, "बघ. लूट सुरू झाली."

"त्यांच्याकडं नाणीच न्हाईत, आबा."

"सरकार हाय आन् नाणी न्हाईत?"

घर बघायला गेलो. मालक शाळामास्तर होता, बुटका, अघळपघळ बोलणारा. अंगणात विटांची रास. शेजारच्या अंगणातही रास, त्याच्या शेजारीही. कुठेच बांधकाम चालू नाही. मी सुनेला म्हणालो, हा चोरीचा माल दिसतोय, नाहीतर गावच्या गाव अर्धवट सोडून माणसं पळालेली दिसतात. तिने सरळ मास्तरलाच विचारलं. तो म्हणाला, पगाराच्या दिवशी मी विटा घेतो. पैसा ठेवला तर महिन्यात अर्धा होतो, वीट आहे तेवढीच राहते. कधीतरी खोली होईल.

"आपल्याकडं बायका पैसं आलं की भांडी घेऊन ठेवत्यात तसंच की," सूनबाई मला म्हणाली.

ती खोल्या बघत होती. नळ सोडून पाहिला, स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावला. मग मी बाहेर गेलो आहे असं समजून तिने खिडकीची चौकट वितीने मोजली, एकदा आडवी, एकदा उभी, पडद्यासाठी मोजतात तशी. मी दारातच होतो. ते पाहिलं तेव्हा मला घाई झाली. नातीला उचललं आणि म्हणालो, चला, उशीर होईल. दुपारचे दोन वाजले होते.

परत सीमेवर यायला आम्ही तिथल्या प्रवासी गाडीत बसलो. आपल्या वडापच्या जीपसारखंच, फक्त व्हॅन मोठी. दाराशी पोरगेलासा कंडक्टर उभा होता, नोटा उभ्या घडी करून बोटांच्या फटीत धरलेल्या. मी तीस वर्षं तशाच धरत आलो. त्याला पाहून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण आपल्या धंद्यातला माणूस दिसला की आपण जास्त सावध होतो. त्याने त्यांच्याच देशाची नोट देणाऱ्या एका प्रवाशाला ती परत केली. आपल्याच सरकारचा पैसा आपलाच कंडक्टर घेत नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. नातीचंही त्याने पूर्ण भाडं लावलं.

"आमच्याकडं पोरांना हाफ तिकीट असतं, सांग त्याला," मी सुनेला म्हणालो.

तिने सांगितलं. तो काहीतरी बोलला आणि गाडीतली माणसं हसली.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुमच्याकडं हाफ पैसे बी असत्याल. आमच्याकडं न्हाईत."

माणशी अर्धा डॉलर. आमच्या तिघांचा दीड. मी दोनची नोट दिली, म्हणजे त्याने मला अर्धा परत द्यायचा. माझ्या पुढच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई होती, मांडीवर टोमॅटोचं पातेलं, फडक्याने बांधलेलं. तिने एकची नोट दिली होती, तिलाही अर्धा यायचा. कंडक्टरने एक डॉलरची मळकी नोट माझ्या हातात ठेवली, तिच्याकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली.

मला भाषांतर लागलं नाही. मी स्वतः हे हजार वेळा केलं आहे. सुट्टे नसले की दोन प्रवाशांना मिळून एक नोट द्यायची: हे तुमच्या दोघांचे, खाली उतरून वाटून घ्या. मग कापूरहोळला उतरल्यावर दोघांतला एक हुशार निघायचा. नोट हातात असलेला गर्दीत शिरायचा आणि दुसरा माझ्या नावाने बोंब मारायचा. म्हणून मला पक्कं ठाऊक होतं, नोट ज्याच्या हातात तो राजा. मी ती शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि वरून हात ठेवला.

बाई मागे वळली, माझ्याकडे बघून हसली आणि 'बाबा' म्हणाली. त्यांच्यात वडीलमाणसाला असंच म्हणतात, आपल्यासारखंच. मग ती सूनबाईशी बोलली.

"आबा, त्या म्हणत्यात, उतरल्यावर तिथं पावाचं दुकान हाय. एक पाव एक डॉलरला. तो घेऊन मधी कापायचा, अर्धा त्यांचा, अर्धा आपला. सगळे असंच करत्यात म्हणं."

"मला पाव नको."

"मग दुकानदार सुट्टं देतो का बघू म्हणत्यात."

"दुकान कुणाचं? तिच्या भावाचं?"

सूनबाईने हे इंग्रजीत सांगितलं नाही.

सीमेच्या अलीकडे उतरलो. बाईने पातेलं डोक्यावर घेतलं आणि पुढे चालू लागली, आम्ही मागे. दोन दुकानांच्या मधून एक बोळ जात होता, ती तिकडे वळली. मी थांबलो.

भोरला सांगताना मी म्हणायचो की बोळात अंधार होता आणि दोन धटिंगण उभे होते. अंधार नव्हता. बोळाच्या तोंडालाच पावाचं दुकान होतं. फळीवर पाव रांगेने लावलेले मला दिसत होते, वासही येत होता. दुकानात एक म्हातारा बसला होता, त्याने बाईला हात केला. हे सगळं मला दिसलं. पण तेव्हा माझ्या डोक्यात पाव नव्हता, खिडकी मोजणारा हात होता. हा दिवस असाच सरळ गेला, तर घरी जाऊन मी मुलाला काय सांगणार होतो? मास्तर बरा, घर बरं, माणसं बरी?

मी नातीला खांद्यावर घेतलं. "चल," सूनबाईला म्हणालो.

"आबा, त्यांचे अर्धे हायत आपल्याकडं."

"मला कळतंय. चल म्हणतो ना."

मी चौकीच्या दिशेने झपाझप निघालो. मागून आवाज आला, बाबा, बाबा. ओरडा नव्हता. कुणी छत्री विसरून निघाला की आपण हाक मारतो, तशी हाक. थोड्या वेळाने आवाज बदलला. मी वळून पाहिलं नाही. डोक्यावर पातेलं होतं म्हणून तिला पळता येत नव्हतं. रस्त्यावरची माणसं आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागली. खांद्यावरची नात मागे तोंड करून होती. ती बाईला हात हलवून टाटा करत होती.

सूनबाई मागे राहिली होती. नंतर मला कळलं, ती पर्स चाचपत होती. पण तिच्याकडे एक पैसा नव्हता. सगळे पैसे मी माझ्याजवळ ठेवले होते. तिने त्या बाईला लांबून हात जोडले आणि धावत आम्हाला गाठलं. पूल ओलांडताना ती माझ्या पुढे चालत राहिली. तो डॉलर मी झांबियातल्या टॅक्सीवाल्याला दिला. त्याने तो न बघता खिशात टाकला.

मुलगा रविवारी रानातून आला. जेवताना मी सांगितलं: देश लबाड आहे. साहेब खिसे चाचपतो, दुकानदार पैशाऐवजी गोळ्या देतो, घरमालक चोरीच्या विटा घेऊन बसलाय, आणि भाजीवाली म्हातारीसुद्धा माणसाला बोळात नेऊन लुटायला बघते. पोरीला खांद्यावर टाकून पळालो म्हणून वाचलो. मुलाने घास खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. ती आमटी वाढत होती. तिने माझ्या ताटात वाढली, त्याच्या ताटात वाढली आणि आत गेली. आमच्या घरात सून सासऱ्याचं बोलणं नवऱ्यापुढे खोडून काढत नाही. मी त्याच भरवशावर बोललो होतो.

त्याने मालकाला नकार कळवला. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

पण तो माझ्याकडे परत आला नाही. त्याची गाडी आणखी उत्तरेला गेली, जिथे बायका-पोरांना नेता येत नाही. सून आणि नात गावी आल्या. तो वर्षातून एकदा येतो, आल्या आल्या भेंडी लावली तर तिला फूल यायच्या आत परत जातो. मी ज्याला बोलवत होतो तो आणखी लांब गेला, आणि जिचा संसार मोडला ती रोज माझ्यासाठी भाकरी थापते. एकदा ओसरीवर पाहुण्यांना मी तीच गोष्ट रंगवून सांगत होतो. ती चहा घेऊन आली, ट्रे खाली ठेवला आणि कप न देताच निघून गेली. पाहुण्यांनी आपापले कप उचलले.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर होता, सूनबाई उंबऱ्याशी तांदूळ पाखडत होती. तो म्हणाला, वर्कशॉपचा फिटर सोडून गेला, मालक मला परत विचारतोय.

"म्या न्हाईच सांगणार हाय. त्या म्हातारीच्या तावडीत कोण जाईल," तो हसला. "हितं कॅम्पवर सगळ्यांना सांगितलंय म्या ते."

सुपाचा आवाज थांबला. मी म्हणालो, "ती म्हातारी आपल्याला लुटत नव्हती. तिचे अर्धे पैसे माझ्याकडं होते. मी घेऊन पळालो."

"काय?"

मी सगळं सांगितलं. पावाचं दुकान सांगितलं, खिडकी सांगितली. तू परत यावास म्हणून केलं, तेही सांगितलं. 

"आत्ता सांगताय व्हय, आबा?" तो म्हणाला. मग, "हिला ठावं होतं?"

"होती की ती संगं."

"मग ही का बोलली न्हाई?"

सूनबाई उठून आली आणि माझ्या हातातून फोन घेतला. "तुमी मला विचारलं कवा?" ती म्हणाली. "आबांना विचारलंत. माझ्याकडं नुसतं बघितलंत."

तिने फोन तोंडाजवळ धरला.

"ती जागा अजून हाय का, ते सांगा."

"हाय. पर भाव लई चढल्यात आता. मागल्यापेक्षा बी."

"चढू द्या. व्हय म्हणून कळवा."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि परत सूप घेतलं. चार दिवसांनी, मी भोरला जायला निघालो तेव्हा म्हणाली, "स्टँडवर बी सांगा."

"सांगतो की."

"माझं तिकीट व्हायच्या आत सांगा."

पहिल्या खेपेला सांगणं झालं नाही. चहा प्यालो आणि परत आलो. तिने विचारलं नाही, तोंडावरूनच ओळखलं. दुसऱ्या खेपेला सांगितलं. आमच्यातल्या एका जुन्या ड्रायव्हरला वाटलं, मी गोष्टीला नवा शेवट जोडतोय. तो हसायला तयार होऊन बसला होता. मग त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आमी हे आमच्या घरी पोराबाळांना सांगितलं. आता त्यांना जाऊन काय सांगायचं?" मी म्हणालो, जे झालं ते सांगा. तो म्हणाला, "तुमीच या सांगायला." जावं लागेल. तो भोंगवलीचा आहे, माझ्या सुनेच्या माहेरगावचा. तिथेही ती गोष्ट पोचली आहे हे मला माहीत नव्हतं.

परवा घरी आलो तेव्हा ती मधल्या घरात मोठ्या बॅगेवर वाकली होती. नात पलीकडे आपली पुस्तकं रचून ठेवत होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"हसली का माणसं?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली. तिने बॅगेचं झाकण दाबून पाहिलं. "या, ह्याच्यावर जरा बसा. चेन लागंना."

मी बसलो. ती माझ्याभोवतीने चेन ओढत गेली.